काजळ, गुटी आणि सव्वा महिना

उम्म अल कुवैन हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेही नसेल. संयुक्त अरब अमिरातीत सात अमिराती आहेत, त्यातली लोकवस्तीने सर्वांत लहान ती ही. दुबईहून उत्तरेला निघाले, शारजा आणि अजमान मागे टाकले, की खाडीच्या काठचे हे जुने मासेमारीचे गाव लागते. २०२० च्या करारानंतर इथून दुबईला सरळ विमाने सुटू लागली आणि आपल्या मंडळींपैकी कोणी कोणी तिकडे फिरून आले. तिकडे आपली मराठी माणसे पुष्कळ. मुंबई-कोकणातल्या नर्सेस, अकाउंटंट, दुकानात काम करणारे. त्यांच्या बायका तिथे बाळंत होतात आणि मग अलिबागहून, पुण्याहून सासूबाई नाहीतर आई येते. बॅगेत डिंकाचे लाडू, गुटीची पुरचुंडी आणि काजळाची डबी असतेच.

मी आज लिहायला बसले ती या काजळाच्या डबीसाठी.

२००६ साली रसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी दुबई, शारजा, अजमान, उम्म अल कुवैन, रास अल खैमा आणि फुजैरा या सहा अमिरातींच्या बाजारातून डोळ्यात घालायच्या काजळाचे आणि सुरम्याचे नमुने गोळा करून तपासले. अरबी लोक त्याला कोहल म्हणतात. तपासणीत काय निघाले? काही नमुन्यांत नुसता कोळसा, काहींत जस्ताची भुकटी, आणि बऱ्याच नमुन्यांत मुख्य माल म्हणजे गॅलिना. गॅलिना म्हणजे शिशाचे सल्फाइड, काळे चकचकीत दगड असतात त्याचे. शिसे म्हणजे जुन्या पाण्याच्या नळात आणि गाडीच्या बॅटरीत असते तेच. ही पूड बायका स्वतःच्या डोळ्यात घालतात, आणि तिकडे नवजात बाळाच्याही डोळ्यात घालतात. कुठे कुठे तर बाळाच्या बेंबीवरसुद्धा भुरभुरतात, नाळ लवकर सुकावी म्हणून.

शिसे पोटात गेले की मोठ्या माणसापेक्षा लहान बाळाचे अंग ते कितीतरी जास्त शोषून घेते. बाळ डोळे चोळते, तीच मूठ तोंडात घालते. शिसे रक्तात, हाडात आणि मेंदूत जाऊन बसते. सुरुवातीला काहीच दिसत नाही, म्हणून तर आजी म्हणते, "आम्ही सगळ्यांना घातलं, काय झालं?" पुढे मूल अभ्यासात मागे पडते, चिडचिडे होते, आणि कोणाला काजळाची आठवणही होत नाही. जास्त प्रमाणात गेले तर मेंदूला सूज येते. १९८१ साली कुवेतच्या डॉक्टरांनी असे झटके येणाऱ्या तान्ह्या बाळांबद्दल लिहून ठेवले आहे. त्यांच्या घरी कोहल तर होतेच, शिवाय बाळाला शांत करण्यासाठी शिसे तापवून त्याची धुरी देण्याची पद्धत होती. शिशाची इतकी मात्रा चालेल, असे आज कोणताही डॉक्टर सांगत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आपलं काजळ तसलं नसतं. खरे आहे. माझ्या आजीच्या वेळी तुपाचा दिवा लावून वर तांब्याचे पालथे भांडे धरायचे आणि काजळी खरवडून त्यात तूप नाहीतर एरंडेल घालायचे. त्यात शिसे नाही. पण ज्या बोटाने ते घालायचे ते बोट कुठे कुठे लागून आलेले असते, आणि एकच डबी तीन पोरांना. त्यामुळे डोळे येतात आणि अश्रूची नळी चिकटते. आणि डोळे मोठे होतात ही समजूत तर निव्वळ समजूतच. डोळे आईबापावर जातात. बाजारातून सुरमा म्हणून आणलेली पूड असेल तर ती बाळाच्या जवळसुद्धा आणू नये. दृष्ट लागू नये म्हणून तीटच लावायची ना? घरच्या काजळीची लावा, कानामागे किंवा तळपायाला, जिथून तोंडात जाणार नाही. आजीचेही मन राहते. दृष्ट खरी की खोटी या वादात नर्सने पडू नये असे माझे मत आहे. तीट तळपायावर असली की बाळाला काही होत नाही, एवढे मला पुरे.

मजा अशी की अरबी आजी आणि आपली आजी या दोघी एकमेकींची भाषा न बोलता सुद्धा एकमेकींना समजतील. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही, त्यांच्याकडे चाळीस दिवस. दोन्हीकडे हिशेब जवळजवळ एकच. आपण आळिवाची खीर आणि लाडू देतो. त्यांच्याकडेही बाळंतिणीला आळीवच देतात, नाव फक्त हब्ब अल रशाद. आपली मेथी ती त्यांची हिल्बा. हे सगळे चांगले आहे बरं का. आळिवात लोह असते, आणि चाळीस दिवस आईला विश्रांती मिळाली, बाळाला पाहुण्यांच्या खोकल्यापासून लांब ठेवले, तर त्यात वाईट काय? पूर्वीच्या बायकांनी ही पद्धत अनुभवाने बांधली. वाईट एवढेच की काही घरांत याच काळात आईला पाणी कमी देतात, खिडक्या बंद करून खोलीत शेगडी पेटवतात. कोळशाच्या धुराने बंद खोलीत आई आणि बाळ दोघेही जाऊ शकतात. अंग शेकायचे असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून आईच्या कमरेला द्यावी. बाळाला शेक नकोच.

बाळाच्या तोंडात पहिला घास कशाचा, इथे मात्र सगळ्या आज्या चुकतात. तिकडे खजूर चावून बाळाच्या टाळूला लावतात, आपल्याकडे मध नाहीतर गुळाचे पाणी. मधाबद्दल सांगते. मधात कधी कधी एका जंतूचे बीज असते. मोठ्यांच्या पोटात ते उगवत नाही, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात उगवते आणि विष तयार करते. बाळ ढिले पडते, रडण्याचा आवाज बारीक होतो, दूध ओढता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. हा आजार १९७६ साली कॅलिफोर्नियात ओळखला गेला, तोपर्यंत अशी बाळे का जातात हे कोणाला ठाऊक नव्हते. म्हणून रोश हशानाला सफरचंद मधात बुडवाल तेव्हा वर्षाच्या आतल्या नातवंडाच्या ओठाला बोट लावू नका. पुढच्या वर्षी लावा.

गुटीचेही तसेच. सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, खारीक, बदाम उगाळायचे, किती वेढे ते आजीच्या मनावर. जायफळ जास्त झाले की बाळ गुंगते आणि घरात म्हणतात, बघा, कसं शांत झोपलंय. मुंबईच्या जुन्या लोकांना बाळागोळी हे नाव आठवत असेल. १९२० च्या दशकात गिरणीत जाणाऱ्या बायका कामावर जाताना बाळाला अफूची ही गोळी देऊन निजवून जात. त्यांना दोष कसा देणार, पाळणाघर नव्हते आणि रोजगार बुडवता येत नव्हता. पण झोपलेले बाळ दूध पीत नाही, आणि दूध न पिणारे बाळ वाळत जाते. सहा महिने फक्त आईचे दूध, वर पाणीसुद्धा नको, हे जागतिक आरोग्य संघटना उगाच सांगत नाही. उन्हाळ्यातही नको. दुधातच पुष्कळ पाणी असते.

आणि ते पहिले दूध! पिवळट, घट्ट, ज्याला आपण चीक म्हणतो. गाईच्या चिकाचा खरवस आवडीने खायचा आणि स्वतःच्या बाळाचा चीक मात्र पिळून टाकून द्यायचा, "ते जड असतं, खराब असतं" म्हणून. हा न्याय मला कधीच कळला नाही. थोडेसेच येते, चमचाभर, पण बाळाच्या पोटाची पिशवी पण तेवढीच असते. आजारांशी लढणारी द्रव्ये त्यात भरलेली असतात, ती पहिली लसच म्हणा. मुंबईला सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आईच्या दुधाची बँक काढली, आशियातली पहिली. ज्या बाळाची आई आजारी आहे किंवा राहिली नाही, त्या अशक्त बाळाला दुसऱ्या आयांचे दूध नीट तापवून, तपासून दिले जाते. हे दूध तर आपण काही वेळा नाल्यात ओतत होतो.

आता गडचिरोलीकडे येते, कारण आईला शिकवल्याने बाळ वाचते का, याचा चोख हिशेब तिथे मांडला गेला. गडचिरोली हा चंद्रपुरातून १९८२ साली वेगळा काढलेला जिल्हा, जंगलाचा आणि गरिबीचा. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे नवराबायको १९८६ पासून तिथे 'सर्च' ही संस्था चालवतात. त्यांनी आधी नुसते मोजले. १९९५-९६ साली ३९ गावांत जन्मलेल्या ७६३ बाळांना पहिले अठ्ठावीस दिवस घरी जाऊन पाहिले. निम्म्याहून जास्त बाळांना काही ना काही उपचाराची गरज होती. प्रत्यक्षात उपचार मिळाला शंभरात तिघांनाही नाही. कारण सव्वा महिन्याच्या आत बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचे नाही ही रीत, दवाखाना लांब, पावसाळ्यात नाले भरलेले. आणि बाळ आजारी आहे हे ओळखायचे कसे, हेही कोणाला माहीत नाही. गर्भारपणी आईने कमी खायचे, म्हणजे बाळ लहान राहील आणि बाळंतपण सोपे जाईल, ही समजूत. त्यामुळे मुळात बाळेच अशक्त जन्माला येत.

बंगांनी ठरवले, बाळ दवाखान्यात येत नाही ना, मग दवाखाना बाळाच्या घरी नेऊ. प्रत्येक गावातली एक थोडीफार शिकलेली बाई निवडली. तिला वजन करायला, ताप बघायला, बाळ उबेत गुंडाळायला शिकवले. जन्मल्यावर रडत नाही अशा बाळाला पिशवी-मुखवट्याने श्वास द्यायला शिकवले, आणि रक्तात जंतू पसरल्याची चिन्हे ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायलासुद्धा. मोठमोठे डॉक्टर म्हणाले असतील, पाचवी-सातवी शिकलेली बाई इंजेक्शन देणार? पण ती दिली. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. आणि याबरोबर आयांना आणि घरातल्या म्हाताऱ्या बायकांना शिक्षण: चीक द्या, लगेच आंघोळ नको, हात धुवा, पोटुशी असताना पोटभर खा.

मुलांनो, तुम्हाला एक गंमत सांगते. न्यूमोनिया झालेले बाळ भराभर श्वास घेते. पण ज्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नाही तिने काय करावे? तिच्यासाठी गडचिरोलीत एक साधे यंत्र बनवले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि बाजूला मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली की बाळाला न्यूमोनिया, औषध सुरू करा. दहापर्यंत तर सगळ्यांनाच मोजता येते. मला हे यंत्र मोठमोठ्या मशिनींपेक्षा जास्त हुशारीचे वाटते.

आता हिशेब ऐका. आधी या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ६२ बाळे पहिल्या महिन्यातच जात होती. १९९७-९८ मध्ये, म्हणजे तिसऱ्या वर्षी, हा आकडा २५.५ वर आला. शेजारच्या ४७ गावांत ही सोय नव्हती, तिथे तो ५८ चा ५९.६ झाला, म्हणजे होता तिथेच राहिला. दर अठरा बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळला, आणि खर्च एका बाळामागे साधारण सव्वापाच डॉलर. हे सगळे डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या साप्ताहिकात छापून आले. पुढे २०११ पासून भारत सरकारने हीच पद्धत देशभर घेतली. आशा ताई बाळंतपणानंतर घरी येऊन बाळ बघते, दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा वेळा आणि घरी जन्मलेल्याला सात वेळा. २०२० च्या सरकारी मोजणीत महाराष्ट्रात पहिल्या महिन्यात जाणारी बाळे हजारी ११ वर आली होती. एकट्या या योजनेने आली असे मी म्हणणार नाही. बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, धनुर्वाताची इंजेक्शने लागली, मुली शिकल्या. बाळाच्या नाळेला शेण-राख लावल्याने होणारा धनुर्वात तर इतका कमी झाला की २०१५ साली भारत त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

मला यातून सर्वांत पटले ते हे की त्यांनी आजीला वगळले नाही. पोस्टर लावून आणि पत्रक वाटून घर बदलत नाही. बाळाच्या तोंडात काय जाणार हे सोळा-वीस वर्षांची आई ठरवत नाही, सासू ठरवते. जपानने हे फार छान केले. बाळाचे पाय सरळ करून घट्ट बांधायची त्यांच्याकडे रीत होती, आपल्याकडेही असते आणि खाडीच्या देशांतही. पाय असे ताठ बांधले की मांडीचे हाड खुब्याच्या वाटीतून सरकते आणि मूल पुढे लंगडत चालते. १९७५ च्या सुमाराला जपानमध्ये मोहीम काढली आणि शिकवायला मुद्दाम आज्यांना धरले. खुबा निखळलेली बाळे झपाट्याने कमी झाली. गुंडाळायला हरकत नाही. वरून हात-छाती गुंडाळा, पण खाली पाय बेडकासारखे मोकळे हलले पाहिजेत. कुशीवर किंवा पालथे निजवू नका, पाठीवर निजवा.

इथे आपण टिपत हलावमध्ये बाळाचे वजन करायला जातो ना, तीही याच विचारातून निघालेली गोष्ट. १९१३ साली अमेरिकेच्या हदासा संस्थेने जेरुसलेमला दोन नर्सेस पाठवल्या, त्या घरोघरी जाऊन आयांना शिकवत. टिपत हलाव म्हणजे दुधाचा थेंब. माझ्या नोकरीच्या दिवसांत मी पाहिले, की नर्स पहिल्याच भेटीत "हे बंद करा, ते बंद करा" म्हणाली की दुसऱ्या भेटीत घरचे सगळे हो हो म्हणतात आणि गुटी कपाटात लपवतात. त्यापेक्षा आधी विचारावे, "आजी, तुमच्याकडे काय करतात?" आजी तासभर बोलते. त्यातले मालिश चांगले असते, अंगाईगीत चांगले असते, उबेला आईच्या कुशीत घेणे तर फारच चांगले. कोलंबियाच्या बोगोता शहरात १९७८ पासून कमी वजनाची बाळे आईच्या छातीला बांधून वाढवतात. मालिश खोबरेल तेलाने करावे. सायनच्या रुग्णालयातच २००५ साली तपासले होते, खोबरेल तेलाने मालिश केलेल्या बाळांचे वजन जास्त भराभर वाढले. हलक्या हाताने, नाकाकानात तेल न सोडता. एवढे मान्य केले की मग एकच गोष्ट, सर्वांत धोक्याची, ती सोडायला सांगावी. ती सोडतात.

चटक्यांबद्दल मात्र गोड बोलण्यात मी वेळ घालवणार नाही. मेळघाटात बाळाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. २०२५ च्या सुरुवातीलाही तशी बातमी आली. अरबस्तानातही डाग देण्याची जुनी रीत आहे. पोट फुगण्याचे कारण आत असते, कातडी जाळून ते जात नाही. उलट जखमेतून जंतू शिरतात. असे कुठे होताना दिसले तर बाळाला उचलून सरळ दवाखान्यात न्यावे.

कावीळ हा विषय राहिला. बाळ दोन-तीन दिवसांनी थोडे पिवळे होते आणि आठवड्याभरात उतरते, हे बहुतेक बाळांत होते. पिवळेपणा पहिल्याच दिवशी दिसला, किंवा तळहात-तळपायापर्यंत पोचला, बाळ सुस्त झाले, दूध ओढेना, तर मात्र त्याच दिवशी दाखवावे, नाहीतर मेंदूला इजा होते. आपल्याकडे या बाबतीत जुन्या लोकांनी मोठी शहाणपणाची गोष्ट सांगून ठेवली आहे. तालमूदात रब्बी नातान यांची हकीगत आहे. एक बाळ फार लाल होते, एक हिरवट-पिवळे होते, तेव्हा त्यांनी आईला सांगितले, रक्त नीट होईपर्यंत सुंता लांबव. आजही मोहेल पिवळ्या बाळाची मिला आठव्या दिवशी करत नाही.

उजेडाने कावीळ उतरते हे कोणी शोधले, माहीत आहे? एका नर्सने. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात १९५६ साली सिस्टर जे. वॉर्ड बाळांना बाहेर अंगणात उन्हात नेत असत. एका बाळाच्या अंगाचा उन्हातला भाग फिकट झाला आणि चादरीखाली झाकलेला भाग पिवळाच राहिला, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवले. त्यावरूनच पुढे निळ्या दिव्यांचे पाळणे आले. पण म्हणून घरी बाळाला कडक उन्हात उघडे ठेवू नका, खाडीच्या उन्हात तर मुळीच नको. दिव्याचे काम दिव्याने करावे.

काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे एक द्रव्य कमी असते. खाडीच्या अरबांत आणि इराक-कुर्दिस्तानकडच्या यहुदी घराण्यांत हे बरेच आढळते, आणि आपल्या मुलांची लग्ने आता सगळीकडे होतात, म्हणून लक्षात ठेवा. अशा बाळाला काही वस्तू लागल्या की रक्तपेशी फुटतात आणि कावीळ भयंकर वाढते. २००१ साली अमिरातीतल्याच अल ऐनच्या डॉक्टरांनी लिहिले आहे की अंगाला मेंदी लावल्यावर अशा मुलांचा जीव धोक्यात आला होता. तेव्हा बाळाला मेंदी नको, कितीही हौस असली तरी. आणि दुसरी वस्तू म्हणजे डांबराच्या गोळ्या. थोरल्याची झबली, दुपटी आपण जपून ट्रंकेत ठेवतो आणि वर चार गोळ्या टाकतो. धाकटे झाले की तीच झबली वास येत असताना घालतो. त्या वासानेसुद्धा अशा बाळाचे रक्त फुटते. कपडे काढल्यावर दोन वेळा धुवावेत, दोन-तीन दिवस उन्हात वाळवावेत, आणि पुढच्या खेपेला ट्रंकेत गोळ्यांऐवजी कडुनिंबाचा सुकलेला पाला घालावा, तोही पुरचुंडीत बांधून, म्हणजे झबल्याला लागणार नाही.